शिडाची नौका ठरवितांना

जुन्नरहून समुद्र दिसत नाहीं. पण सातवाहनकाळीं कल्याण बंदराचा माल नाणेघाटानेंच इकडे चढत असे. त्या घाटमाथ्याच्या दहाबारा मंडळींनीं मुंबईस जाऊन खलाशांसह शिडाची नौका ठरविली, तर नवल तें काय?

भाडें बहुधा साऱ्या नौकेचें, तासाच्या हिशेबानें असतें; तें आधींच बोलून घ्यावें. वारा पडला कीं घड्याळाचें कांहीं चालत नाहीं. भाडें दिलें म्हणून तांडेलावर हुकूम मात्र चालवूं नये. तो 'परतूं या' म्हणाला कीं परतावें. १८ डिसेंबर २०२४ रोजीं याच बंदरांत घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली व माणसें मृत्युमुखीं पडलीं. तेव्हां पट्टीच्या पोहणाऱ्यानेंही लाइफ जाकीट घालावें, आणि छायाचित्रासाठीं तें उतरवूं नये. शीड पालटतांना त्याची काठी झपाट्यानें फिरते. मुलांस तिच्या वाटेंत बसवूं नये.