वाळवंटात तग धरलेली झाडे



दसऱ्याला आपण शमीची पूजा करतो. काही भागांत तिला सौंदड म्हणतात. हीच शमी राजस्थानात, थरच्या वाळवंटात, खेजडी या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे ती बरीचशी पूजेपुरती उरली, तिकडे मात्र ती शेताचा आधार आहे. आज तिच्याविषयी आणि तिच्या सोबतीच्या दोन-तीन झाडांविषयी बोलायचे आहे.

तिकडच्या बाजरीच्या शेतात खेजडी राखूनच नांगर चालतो. झाडाखाली पीक येईल का, असे आपण विचारू. पण खेजडीची मुळे खोल जातात, त्यामुळे ती पिकाची वरची ओल फारशी घेत नाही. शिवाय शेंगवर्गातली असल्याने जमिनीला नत्र मिळते आणि गळलेल्या पाल्याचे खत होते. म्हणून तिच्याखालची बाजरी उलट जोमदार दिसते. पाल्याला तिकडे लूंग म्हणतात, तो गुरांचा चारा. कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी, ती माणसांची भाजी. १८६८-६९ च्या दुष्काळात लोकांनी तिची साल दळून खाल्ली आणि जीव जगवला.

या झाडासाठी माणसांनी जीवही दिला आहे. १७३० साली जोधपूरजवळ खेजडली गावात राजाची माणसे झाडे तोडायला आली. अमृतादेवी नावाच्या बाईने झाडाला मिठी मारली. तिच्यामागे ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले, असे सांगतात.

मग आज अडचण काय? अडचण अशी, की जुनी झाडे उभी आहेत, पण त्यांची पोरे वाढत नाहीत. बैलाचा नांगर हाकणारा माणूस रोप दिसले की नांगर उचलून घेई. ट्रॅक्टरला रोप दिसत नाही. त्यात दरवर्षी झाड शेंड्यापर्यंत बोडके करतात. अशक्त झालेल्या झाडाला मुळे कुजवणारी बुरशी आणि खोडाला पोखरणारा भुंगेरा गाठतो. अलीकडे सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठीही बिकानेरकडे खेजड्या तुटल्या, त्यावर लोकांनी आंदोलने केली.

दुसरे झाड रोहिडा. याला मारवाडचा सागवान म्हणतात. लाकूड कोरीव कामाला उत्तम, आणि तेच त्याच्या मुळावर आले. झाड सावकाश वाढते, कुऱ्हाड लवकर चालते.

तिसरे गुग्गुळ. औषधी डिंकासाठी साल चिरतात. हाव सुटली की खोल घाव घालतात, वर औषध चोळतात. डिंक एकदा भरपूर मिळतो आणि झाड मरते. एका हंगामाच्या पैशासाठी कायमचे झाड गेले, हा कुठला धंदा? आज गुग्गुळ अतिसंकटग्रस्त वनस्पतींत गणला जातो. चौथे फोगाचे झुडूप. वाळू धरून ठेवते, पण सरपणासाठी आणि कोळशासाठी मुळासकट खणले गेले.

जिथे ही झाडे वाचली, तिथे बहुधा ओरण आहे. ओरण म्हणजे आपली देवराई. देवाच्या नावाने कुऱ्हाड बंद. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानातील अशा देवरायांची पाहणी करून त्यांना वनाचे संरक्षण द्यावे, असे सांगितले.

आता कामाच्या गोष्टी.

१. शेतात आपोआप उगवलेले शमीचे रोप दिसले की शेजारी काठी रोवा आणि ट्रॅक्टरवाल्याला आधीच सांगून ठेवा. वाळवंटी झाड लावण्यापेक्षा आलेले राखणे सोपे.

२. बी लावायचे तर किडके काढून, गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवा. मूळ लवकर खोल जाते, म्हणून पिशवी लांब घ्या.

३. चाऱ्यासाठी छाटताना वरचा तिसरा हिस्सा राखा.

४. गुग्गुळाची बोटभर जाडीची फूटभर कांडी जून-जुलैत लावली की फुटते. खोल घाव कधीच घालू नका.

५. वेडी बाभूळ लावून जागा अडवू नका. ती परदेशातून आणलेली, पसरली की दुसऱ्याला उठू देत नाही.

मंडळी, आपल्याही कोरडवाहू भागात बांधावरची शमी अशीच एकटी उरली आहे. यंदा दसऱ्याला तिची पूजा करा आणि तिच्याखाली रोप आहे का, तेही वाकून पाहा. असेल तर काठी रोवा. रामराम.