कळ आणि दिवा

परवा रात्री कामाची एक सभा चालू होती. सभेतील मंडळी निरनिराळ्या गावी आपापल्या घरी बसलेली, मी येथे बंगळुरात. मध्येच आईने काही विचारले. मी लॅपटॉपवरची ध्वनिग्राहकाचे चित्र असलेली कळ दाबली. तिच्यावर इवलासा दिवा लागला, आणि मी निर्धास्तपणे आईशी बोललो. बोलता बोलताच मनात आले, की हा निर्धास्तपणा मला दिला कोणी? त्याच दिवशी दुपारी मी अशाच एका कळीची परीक्षा घेऊन तिला उत्तीर्ण करण्याच्या बेतात होतो!

लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीचा गाभा वाचणे हा माझा व्यवसाय. या गाभ्याला कर्नल म्हणतात; त्यामुळे मी एखाद्या लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखाली आहे, असे आमच्या आत्याबाईंना पुष्कळ दिवस वाटत असे. फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो जगापुढे खुला ठेवला. बंगळूरचे त्याच्याशी नाते जुने आहे. २००१ साली येथे लिनक्सप्रेमींचे संमेलन भरले. येथील भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीतील अभियंत्यांनी घडविलेला सिम्प्युटर हा छोटा संगणकही लिनक्सवरच चालत असे.

आता ही परीक्षा कशाची? अक्षरांच्या कळांचे संकेत बहुतेक लॅपटॉपांत सारखेच असतात. परंतु पडद्याचा प्रकाश वाढविणे, ध्वनिग्राहक बंद करणे, अशा खास कळांच्या बाबतीत प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. कळ दाबताच यंत्र एक क्रमांक पाठविते. त्याचा अर्थ लावून तो गाभ्याला सांगणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. ध्वनिग्राहकाच्या कळीसाठी लिनक्सने २४८ हा क्रमांक ठरवून दिलेला आहे.

असा एक ड्रायव्हर एका तरुणाने लिहून पाठविला होता. तो लॅपटॉप माझ्याजवळ नव्हता. केवळ वाचून निर्णय द्यावयाचा होता. एकच कळ दोन मार्गांनी कळविली जात नाही ना, हे मी पाहिले; कारण तसे झाल्यास प्रकाश एकाऐवजी दोन पायऱ्या चढतो. काम अर्ध्यावर फसले, तर घेतलेली स्मृती परत केली जाते ना, हेही पाहिले. सारे ठीक वाटले. दिव्याकडे मात्र माझे लक्ष गेले नव्हते.

रात्री पुन्हा वाचले, तेव्हा दोष दिसला. कळ दाबली की ड्रायव्हर स्वतःच दिवा लावीत होता. पण कळ ही केवळ इच्छा सांगते; ध्वनिग्राहक प्रत्यक्ष बंद होतो तो नंतर, दुसऱ्याच आज्ञावलीकडून. तेथे काही चुकले, तर दिवा तेवत राहील आणि आवाजही बाहेर जात राहील!

मी तसे कळविले. उत्तर आले, ‘माझ्या यंत्रावर तर सारे सुरळीत चालते.’ ते खोटे नव्हते. परंतु आपल्या यंत्रावर जे घडते ते सर्वांच्या यंत्रांवर घडेलच, असे कसे म्हणावे? ध्वनिविभागाच्या प्रत्यक्ष स्थितीप्रमाणे दिवा लावण्याची सोय गाभ्यातच आहे. तिच्याशी दिवा जोडावा, असे मी सुचविले. त्याने ते मानले, आणि मी परीक्षक म्हणून खाली नाव घातले.

या नावाचा अर्थ हमी असा नाही, हे लिनक्सच्या नियमांतच स्पष्ट लिहिलेले आहे. ‘मी वाचले, आणि मला ठाऊक असलेला दोष यात उरलेला नाही,’ एवढेच ते सांगते. कळ दाबणाऱ्याला हे नाव कधी दिसणार नाही, आणि दिसण्याचे कारणही नाही. दिवा लागला म्हणजे आपला आवाज खरोखरच बंद झालेला असावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. आणि ती रास्त आहे.