शिवराई ओळखताना


साक्कोट्टै, कुंभकोणम हा सारा मुलूख व्यंकोजीराजांच्या वंशजांच्या तंजावर राज्यातला.
इथल्या मराठी घरांत देव्हाऱ्यात, जुन्या पेटीत एखादं तांब्याचं नाणं असतं.
ती शिवराई, म्हणजे शिवाजीराजांच्या नावाचं नाणं, आहे का?

आधी अक्षरं पाहा.
एका बाजूला तीन ओळी: श्री, राजा, शिव.
दुसऱ्या बाजूला: छत्र, पति.
भोवती बारीक ठिपक्यांचं कडं.

शिवाजीराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे नाणं.
पण नाव दिसलं म्हणजे ते त्यांच्याच काळातलं, असं नव्हे.
पुढे पेशवाईतही शिवराया पाडल्या जात.
अक्षरांची ठेवण तज्ज्ञालाच दाखवा.

ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान.
म्हणून अक्षरं बहुधा कडेला तुटतात.
पूर्ण अक्षरांचं नाणं दुर्मीळ, आणि मोलही त्याचंच जास्त.
कडेवर सांध्याची रेघ दिसली, तर नाणं ओतीव असण्याची शंका घ्या.
अस्सल शिवराई ठशाखाली ठोकलेली असते.

आणि कृपा करून नाणं घासू नका.
चिंच नको, विभूती नको.
काळपट थर हा त्याच्या वयाचा पुरावा आहे.
तो गेला, की किंमत घसरते.

पुन्हा सांगते: अक्षरं पाहा, कड पाहा, घासू नका.
जमिनीत नाणी सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. 1878 पासून तसा कायदाच आहे.