गावची माती आणि कुंभाराचा आवा



माती म्हणजे काय, असे विचारले असता मुले पुस्तकातील व्याख्या बिनचूक म्हणून दाखवितात. परंतु तळ्याच्या गाळाचे मडके टिकेल की शेतातील काळ्या मातीचे, हे त्यांना सांगता येत नाही. ते कुंभाराच्या मुलाला ठाऊक असते, आणि पुष्कळदा तोच वर्गात गप्प बसलेला असतो.

मातीची परीक्षा सोपी आहे. भिजवून मळलेल्या मातीची करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळावी. ती चिरली तर चिकटपणा कमी आहे असे समजावे. मात्र नुसती चिकट मातीही उपयोगाची नाही. ती वाळताना आकसते व तडकते. काळ्या मातीत हा दोष फार. म्हणून कुंभार मातीत रेती, राख किंवा लीद कालवितो. लीद भाजणीत जळून जाते व बारीक छिद्रे मागे ठेवते. त्यांतून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि माठातले पाणी गार राहते. बाष्पीभवनाचा धडा शिकविण्यास ह्याहून चांगले साधन खेड्यात शोधूनही सापडावयाचे नाही.

खरी कसोटी भाजणीची. मडके फुटले की मातीत हवेचा बुडबुडा राहिला होता, असे म्हणण्याची चाल आहे. खरा दोष बहुधा ओलाव्याचा असतो. १०० अंशांपाशी आतील पाण्याची वाफ होते आणि जाळ जोराचा असल्यास ती मडके फोडून बाहेर पडते. म्हणून सुरुवातीचा जाळ मंद हवा. पुढे सुमारे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांशी बांधलेले पाणीही निघून जाते. त्यानंतर ती माती पुन्हा कालवता येत नाही. वारा मोकळा मिळाला तर मातीतील लोहामुळे भांडे तांबडे होते. धूर कोंडला तर काळे. आवा घाईने उघडू नये, कारण रेतीतील गारगोटीचे कण ५७३ अंशांच्या आसपास एकाएकी आकुंचन पावतात. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ ह्या काळात झालेल्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची कुंभाराची भट्टी सापडली. ही विद्या तेव्हाही येथे होती.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले असून स्थानिक कारागिरांत कुंभाराचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या दिवशी कुंभारकाकांना खुर्ची द्यावी, त्यांच्या वेळेचा मोबदला ठरवावा. चिखल तुडविण्याचे काम त्यांच्याच मुलावर सोपवून इतरांनी पाहत राहावे, असे मात्र होऊ देऊ नये. तसे झाले तर तो उपक्रम न केलेलाच बरा. सर्वांचे हात माखले पाहिजेत. जाळ घालण्याचे काम मोठ्यांनीच करावे.

आवा उघडल्यावर एक भाजलेली व एक कच्ची वाटी पाण्याच्या बादलीत रात्रभर ठेवावी आणि सकाळी मुलांनाच त्यांत हात घालू द्यावा.