फोन कुणाच्या हातात असतो?

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मोबाईलमुळे माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, असं आपण सगळ्याच म्हणतो. लोकलमध्ये बायकांच्या डब्यात पूर्वी भाजी निवडता निवडता ओळखी व्हायच्या, घरची गाऱ्हाणी निघायची. आता जी ती कानात इअरफोन घालून बसलेली. मलाही ते खटकतं. पण त्यातल्या कितीजणींना दिवसभरात स्वतःचा म्हणून तेवढाच वेळ मिळतो, हेही आपल्याला माहीत आहे. मला आज बोलायचंय ते ज्या बाईला असा फोन कानाला लावताच येत नाही तिच्याबद्दल.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांनी स्वतः वापरतो असा मोबाईल आपल्याकडे असल्याचं सांगितलं. उरलेल्या जवळजवळ निम्म्या. त्यांच्या घरात फोन नाही असं नाही. तो 'घरचा' असतो, आणि घरचा म्हणजे नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशातला. २०१९ सालीच गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यातल्या ठाकोर समाजाने बारा गावांत अविवाहित मुलींना मोबाईल वापरायची बंदी केली होती. आपल्या वस्त्यांत असे ठराव होत नाहीत. नुसता डोळा वटारला की भागतं!

बरं, जिच्या हातात फोन आहे तिचं काय? आमच्या सल्ला केंद्रात एक ताई यायच्या, धुणीभांडी करणाऱ्या. फोन नवऱ्याने घेऊन दिलेला. आम्ही आधी म्हटलं, बरं झालं, अडीनडीला उपयोगी. पुढे कळलं की बसमध्ये असतानाच त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. "कुठे आहेस, दाखव." मग भर बसमध्ये त्या फोन फिरवून सीट, खिडकी, कंडक्टर दाखवायच्या. लोक हसायचे. कुणाला वाटायचं, नवराबायकोचं काय प्रेम आहे! पूर्वी बाई उंबऱ्याबाहेर पडली की निदान तासभर तिचा असायचा. आता उंबरा तिच्या पिशवीत बसून बरोबर जातो.

आता आमची चूक सांगते. समोर सगळ्या कार्यकर्त्याच आहेत, म्हणून सांगायलाच हवी. या ताईंच्या कोर्टाच्या तारखेची आठवण द्यायला मी त्यांना रात्री आठला फोन केला. फोन नवऱ्याने उचलला. गोंधळून मी केंद्राचं नाव सांगून बसले. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा ओठ फाटलेला होता. मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही कशाला फोन केला?" समाजकार्याची पदवी घेताना मुलाखत कशी घ्यावी, नोंदी कशा ठेवाव्यात, हे सगळं शिकले होते. फोन कुणाजवळ असतो हे आधी विचारावं, एवढं मात्र सुचलं नव्हतं.

बाईच्या इंटरनेट-ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणं हा २०१३ पासून गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पण नवरा पाळत ठेवतो म्हटलं की चौकीवर 'घरातलं घरात मिटवा' हेच ऐकू येतं. म्हणून २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज लिहिताना आम्ही आता फोन तपासणं, हिसकावणं, सारखं ठिकाण दाखवायला लावणं हे सगळं भावनिक छळ म्हणून तपशीलवार लिहितो. तारीख-वारासकट.

आणि केंद्रात नाव-पत्त्याच्या आधी तीन प्रश्न विचारतो. फोन कुणाकडे असतो? कुठल्या वेळी लावू? दुसऱ्याने उचलला तर मी कोण म्हणून सांगू? एकीने सांगितलं, "ब्लाउज शिवून झालाय म्हणा." तिच्या फोनमध्ये माझा नंबर अजून 'शिलाईवाली' या नावाने आहे. त्या ताई मात्र आता फोन आणतच नाहीत. गुरुवारी बाजाराच्या वाटेवर केंद्रात डोकावतात, आणि तारीख आम्ही तोंडीच सांगतो.