माणूस अजून बदलतो आहे काय?



उत्क्रांतीचा धडा शिकवताना वर्गात हमखास प्रश्न येतो : "सर, माणसातला बदल आता थांबला का?" उत्तर आपल्या रक्तात आहे.

आफ्रिकेत सिकलसेल हा रक्तदोष इतका का आढळतो, हे १९५४ साली डॉ. अँथनी ॲलिसन यांनी दाखवून दिले. आई किंवा वडील, एकाकडूनच दोष आलेले मूल म्हणजे वाहक. ते जीवघेण्या हिवतापातून बहुधा तरते. दोघांकडून आला, तर मात्र आजार जडतो. हिवतापाच्या प्रदेशांत म्हणूनच हा दोष टिकला. आपल्या नंदुरबार, गडचिरोलीतही तो आहे. थॅलेसेमियाची कथाही अशीच. हिवताप हटला की लाभ संपतो, दोष उरतो. तात्पर्य, बदल चालूच आहे. पण निसर्ग त्याची किंमत बालकांच्या प्राणांनी वसूल करतो.

माणसाजवळ दुसरा मार्ग आहे, ज्ञानाचा. दोघे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजाराचा संभव २५ टक्के. रक्ततपासणीने हे आधीच कळते. तेव्हा पालकहो, सोयरीक जुळवताना, विशेषतः नात्यात, घराण्याबरोबर रक्ताचा अहवालही पाहा. वाहक असणे हा कलंक नव्हे. ठाऊक असून तपासणी टाळणे हा मुलांवर अन्याय आहे. विद्यार्थ्यांनो, घरी हा विषय तुम्हीच काढा.