मदनांची साखळी



वाशीत चित्रपट पाहावयास आता आपण मॉलमध्ये जातो. दारावरची पाटी ओळखीची असते. दारावरचा माणूस मात्र ओळखीचा होत नाही. म्हणून आज एका घराण्याच्या चित्रगृहांची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

जमशेटजी फ्रामजी मदन हे मुंबईचे पारशी. पोरवयात नाटक मंडळीत कामाला लागले आणि पुढे नाटक मंडळ्यांचेच मालक झाले. मग कलकत्त्यास जाऊन तंबूत हलती चित्रे दाखवू लागले. १९०७ साली त्यांनी तेथे एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस उभारले. १९१९ मध्ये मदन थिएटर्स ही कंपनी स्थापली. १९२३ मध्ये ते वारले आणि कारभार मुलांकडे आला. ऐन भरात या घराण्याच्या हाती शंभरावर चित्रगृहे होती. चित्रे काढणारे तेच, वाटणारे तेच आणि दाखविणारेही तेच!

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. बोलपटाची यंत्रे महाग, त्यात जागतिक मंदी. थोड्याच वर्षांत मदनांची साखळी तुटली.

पुस्तके बहुधा येथे थांबतात. आमची शाळा लवकर सुटली. असली पुस्तके आम्ही वाचनालयात बसून वाचली. परंतु कामगारांत वावरल्यामुळे आम्हांला पुढचा प्रश्न सुचतो. मूकपट चालू असता पडद्यापाशी पेटी-तबला वाजविणारे बसत. पडदा बोलू लागल्यावर त्यांचे काय झाले? मालकाचे नुकसान वहीत सापडते. यांचे कोठे शोधावे?

हे जुने झाले, असे म्हणू नका. रिळे जाऊन डिजिटल यंत्रे आली तेव्हा एक ऑपरेटर आमच्याकडे आला. म्हणाला, “साहेब, चित्राच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसरे मशीन सुरू करायचे. तीस वर्षांत पडदा कधी पांढरा पडू दिला नाही.” त्याला तिकिटे फाडावयास उभे केले होते आणि पगारही घटविला होता. आम्ही भांडून पगार परत मिळविला. मशीनची खोली काही परत मिळाली नाही.

१९८१ साली संसदेने चित्रगृह कामगारांसाठी कायदा केला. पाच नोकरांच्या चित्रगृहालाही भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. परंतु कायदा मागणाऱ्यालाच पावतो. २०२३ मध्ये पीव्हीआर आणि आयनॉक्स एक झाल्या. पाट्या अशा बदलतच राहणार. तेव्हा पुढच्या खेळाला जाल त्या वेळी दारावरच्या पोराला एवढेच विचारा: “बाबा, तुझा पगार कोण देतो? कंपनी की कंत्राटदार?”